किटलीतली संध्याकाळ

या, असे जवळ या. मागे बसलेल्यांनी पुढे सरकावं. ज्यांना घाई आहे त्यांनी हवं तर दाराशी बसावं, पण बसावं. एक गोष्ट सांगते. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगेन, पदरचं काही घालणार नाही, आणि जे मला कळलं नाही ते कळल्याचा आवही आणणार नाही. ऐकून जीव हलका होईल तुमचा, कारण गोष्टीचा शेवट चांगला आहे. निदान माझ्या घरापुरता तरी चांगला आहे. शेवटी एक लहानसं मागणं मागणार आहे, तेही आत्ताच सांगून ठेवते. नंतर कुणी म्हणायला नको, की गोष्टीच्या नादात गळ्यात घातलं.

तर माझं काम काय? माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला पुसून टाकणं.

दचकू नका. दादा फोटोग्राफर आहे. विकायला काढलेल्या घरांचे फोटो काढतो आणि ते फोटो मी घरी बसून कॉम्प्युटरवर साफ करते. तुम्हाला वाटेल, रिकाम्या घरात साफ करायला काय असतं? काच असते. न्हाणीघरातला आरसा, खिडकीची तावदानं, ओव्हनचं दार, टीव्हीचा काळा पडदा, नळाची मान, दाराची पितळी मूठ. जिथे जिथे चकाकी, तिथे तिथे माझा दादा. एक डोळा मिटलेला, कोपरं बाहेर, चोरून काहीतरी खातोय असा चेहरा. घर बघणाऱ्याला त्या घरात स्वतःला बघायचं असतं. तिथे आधीच कुणी उभा दिसला तर त्याचं मन उडतं. म्हणून दादाला घालवायचं.

पण नुसतं घालवून भागत नाही. आरशातून माणूस काढला की तिथे भोक पडतं. तो माणूस तिथे नसता तर आरशाला जे दिसलं असतं, ते तिथे भरावं लागतं. त्यासाठी दादा समोरच्या भिंतीचा वेगळा फोटो काढून आणतो. मी त्यातला तुकडा उचलते, आरशात बसवते, कडा ब्रशने मऊ करते. काम नीट झालं तर कुणाला शंकासुद्धा येत नाही, की इथे कुणी होतं.

घरं विकणाऱ्या कंपनीचे साहेब प्रत्येक फोनच्या शेवटी म्हणायचे, "मॅडम, एकदम चकचकीत पाहिजे." त्यांच्या माघारी आम्ही दोघं त्यांना चकचक साहेबच म्हणायचो. आणि दादा मला म्हणायचा खोडरबर.

"काय गं खोडरबर, आज किती वेळा मारलंस मला?"

"आज नळातच जास्त होतास. पोट आत घेऊन उभा राहत जा, नळात ते अजून सुटतं."

असं आमचं चालायचं. काम करताना मी कानात कीर्तन लावून ठेवते. हात माउसवर, कान बुवांकडे. चांगला गळा असलेला माणूस देवाची गोष्ट गाऊन सांगत असला की बारीक कामाचा कंटाळा येत नाही. डोळ्यांवर ताण येतो, मनावर येत नाही.

पहिल्यांदा ते दिसलं, तेव्हा मी कान देऊन ऐकतच होते. बाल्कनीचं मोठं काचेचं दार होतं. काचेत दादा होता, आणि दादाच्या थोडा मागे, थोडा फिकट, आणखी एक दादा. मला त्यात काहीच नवल वाटलं नाही. थंडी-आवाज आत येऊ नये म्हणून हल्ली दुहेरी काच बसवतात. एका काचेत एक प्रतिबिंब, दुसरीत दुसरं, जरासं सरकलेलं. या धंद्यातल्या कुणालाही विचारा, दुहेरी काच म्हणजे दुप्पट काम. मी कुरकुरत दोघांनाही पुसलं.

पुढच्या घरात तो न्हाणीघराच्या आरशात होता.

आरशाला दुहेरी काच नसते. मी बुवांना थांबवलं आणि फोटो मोठा करून पाहिला. पुढे दादा, कॅमेरा डोळ्याला. मागे तो. तीच उंची, तोच उजव्या बाजूचा भांग. पण त्याच्या हातात कॅमेरा नव्हता. एक हात भिंतीला टेकवून तो उभा होता, जिना चढून आलेला माणूस दम खायला उभा राहतो तसा.

याचंही उत्तर माझ्याकडे होतं. खिडकीबाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार असला की दादा एकाच जागेवरून दोन-तीन फोटो काढतो, एक उजळ, एक गडद, आणि ते एकमेकांत मिसळतो. मधल्या वेळात माणूस हलला तर त्याचं भूत उमटतं. भूत हा आमच्या धंद्यातलाच शब्द, तेव्हा त्यात भिण्यासारखं काही नाही. मी दादाला फोन लावला.

"हलतोस तू फोटो काढताना. भिंतीला काय टेकतोस? दुप्पट काम होतं माझं."

"मी? भिंतीला? नव्या रंगाच्या भिंतीला हात लावला तर चकचक माझा हात कापेल."

"मग आरशात कोण टेकलंय?"

"तुझे बुवा असतील," दादा हसला, आणि हसता हसता त्याला धाप लागली. फोनमध्ये मला त्याचा श्वास ऐकू येत होता, जड, मोजून घेतल्यासारखा.

"हे काय?"

"काही नाही गं. पित्त. चौथा मजला आणि लिफ्ट बंद. बरं, यापुढे कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवतो, दाराबाहेर जाऊन उभा राहतो आणि रिमोटचं बटण दाबतो. मग तर झालं? मला मारायची पाळीच येणार नाही तुझ्यावर."

आणि खरंच, त्यानंतरच्या घरात दादा कुठेच नव्हता. नळात नव्हता, मुठीत नव्हता. माझं काम निम्म्यावर आलं. मग बैठकीच्या खोलीचा फोटो उघडला. भिंतीवर टीव्ही, त्याच्या बंद काळ्या पडद्यात खोलीचं अंधूक चित्र, मधोमध तीन पायांवर एकटा कॅमेरा.

आणि तिकाटण्याच्या पलीकडे जमिनीवर बसलेला माणूस. पाठ भिंतीला, मान खाली, तळहात छातीवर. अंगात राखाडी स्वेटर, त्याला मोहरीच्या रंगाची कॉलर. चेहरा नीट दिसत नव्हता, पण भावाला ओळखायला चेहरा लागत नाही.

मी काय केलं असेल? पुसला. साहेबांना संध्याकाळपर्यंत फोटो हवे होते. हात आपोआप चालले. पण पुसण्याआधी मोबाइलने स्क्रीनचा एक फोटो तेवढा काढून ठेवला.

सुट्टीच्या दिवशी मी दादाकडे गेले. दादा खुर्चीत पाय लांब करून पेपर वाचत होता. एरवी सुट्टीला तो बागेच्या दोन फेऱ्या मारून यायचा. मी मोबाइल त्याच्यापुढे धरला.

त्याने चष्मा लावला. "हा मीच की. दमून बसलो असेन."

"तू बाहेर होतास ना? रिमोट घेऊन?"

दादाने मोबाइल लांब धरून, जवळ धरून पाहिला. मग एकदम त्याचा चेहरा खुलला. "अगं, माझ्याकडे असा स्वेटर कुठाय? ही पिवळी कॉलर बघ. मी मेलो तरी असलं घालणार नाही. रंगारी असेल कुणीतरी. घराची रंगरंगोटी चालू होती."

तुम्हाला सांगते, मला इतकं बरं वाटलं! खरंच, असा स्वेटर दादाला नव्हता. रंगारी. अर्थातच रंगारी. देवा, मी पण ना, असं म्हणत मी चहाचं बघायला आत गेले.

आत वहिनी पलंगावर बसून विणत होती. मला पाहताच तिने लोकर उशीखाली सारली, मग मीच आहे म्हणून परत काढली.

"हळू बोला वन्सं. त्यांना सांगू नका हं. न सांगता हातात द्यायचाय. आता एक बाही तेवढी राहिली."

राखाडी स्वेटर होता. कॉलर मोहरीच्या रंगाची.

मी तिच्याशेजारी बसले.

"वहिनी," मी म्हटलं, "एवढ्यात पुरा करू नकोस."

"का? रंग वाईट आहे का?"

"नाही. छान आहे. पण... थंडी कुठे पडलीय अजून."

"थंडी पडल्यावर विणायला घेऊ? हेवा वाटतो का वन्सं? तुम्हालाही विणते एक, त्यात काय." ती हसली, पण माझ्याकडे बघून तिचं हसू मावळलं. आवाज खाली आला. "तुम्हीही बघितलंत ना, धाप लागते ती? मला म्हणतात पित्त आहे. रात्री उठून बसतात. डॉक्टरचं नाव काढलं की चिडतात. तुमचं ऐकतात ते. बोला ना जरा."

मी बोलले. भांडले म्हटलं तरी चालेल. रडलेसुद्धा. दादा आधी चिडला, मग हसला, मग नाइलाजाने म्हणाला, "हातातली घरं संपू दे. साहेबांनी तारखा दिल्यात. ती संपली की तू म्हणशील त्या डॉक्टरकडे जातो, म्हणशील ते इंजेक्शन घेतो. शप्पथ."

"कुणाची?"

"तुझ्या बुवांची."

दादाच्या वाट्याची घरं एकेक करून येत राहिली. मी प्रत्येक फोटो आता आधी चकाकीतून बघायची. दोन घरं निर्मळ गेली. मी देवाचे आभार मानले. मग स्वयंपाकघराचा एक फोटो आला. पांढरीशुभ्र फरशी, सिंकवर चौकोनी खिडकी, ओट्यावर फुगीर पोटाची स्टीलची किटली. घराच्या जुन्या मालकाची असेल, चकचक साहेबांना शोभेची म्हणून आवडली असेल.

फुगीर भांड्यात सगळी खोली मावते, पण वाकून. वाकलेलं चित्र साफ करता येत नाही. आधी ते सपाट करावं लागतं, मग दुरुस्त करून पुन्हा वाकवून भांड्यावर चढवावं लागतं. तशी सोय आहे कॉम्प्युटरमध्ये. मी किटलीचं पोट निवडलं आणि चित्र सपाट करायला लावलं. कानात बुवा सांगत होते, की जो सदैव आपल्या पाठीशी उभा असतो, त्याच्याकडे वळून बघायचं माणसाच्या मनातच येत नाही. त्यावर टाळांचा गजर झाला आणि चित्र उलगडलं.

ते स्वयंपाकघर नव्हतं.

काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची फरशी होती. एका बाजूला लाकडी कठडा, खाली उतरणारा जिना. भिंतीत उंचावर एक गोल खिडकी, आणि तिच्यातून आलेल्या उन्हाचा गोल तुकडा. तो तुकडा एका माणसाच्या खांद्यावर पडला होता. माणूस कुशीवर झोपला होता, एक हात गालाखाली. राखाडी स्वेटर. मोहरीच्या रंगाची कॉलर.

एक गोष्ट मला तेव्हाही खटकली, म्हणून सांगते. तो अगदी कठड्याच्या कडेला झोपला होता. भिंतीकडे भरपूर जागा होती, एक माणूस आरामात मावेल एवढी. ती सोडून कुणी असं कडेला कशाला झोपेल?

हा मी पुसला नाही. हातच चालेना. फाइल तशीच ठेवली, साहेबांना सांगितलं की फोटो हलला आहे, त्याऐवजी किटली नसलेला दुसरा घ्या. दादाला फोन केला, तर म्हणाला, "आता एकच घर राहिलंय. उद्या सकाळी ते उरकतो आणि तिथूनच डॉक्टरकडे. नंबरसुद्धा लावलाय. आता तरी झोप."

मी झोपले. कुणी काही म्हणो, मी झोपले, कारण दादाने नंबर लावला होता आणि वहिनीची बाही अजून राहिली होती.

दादाची एक पद्धत आहे. नव्या घरी गेला की आधी रस्त्यावरून घराचा समोरून फोटो काढतो आणि लगेच मला पाठवून देतो. तो आतलं काम करेपर्यंत मी बाहेरचं आभाळ निळं करून ठेवते. सकाळी मी चहा घेऊन बसले आणि तो फोटो आला. जुनं, उंच, विटांचं घर. खाली काचेचं दार.

वर, छपराच्या त्रिकोणात, एक गोल खिडकी.

मी चहा खाली ठेवला. फोटो मोठा केला. दाराच्या काचेत रस्ता उमटला होता, रस्त्यावर कॅमेरा धरून उभा असलेला दादा उमटला होता. त्याच्या गळ्याशी पिवळसर काहीतरी होतं. आणखी मोठा केला. मोहरीच्या रंगाची कॉलर.

त्याच्या मागे मी त्या दुसऱ्याला शोधलं. शेजारी शोधलं. दाराच्या प्रत्येक तावदानात शोधलं. इतक्या घरांमध्ये ज्याला पुसताना मी कंटाळले होते, त्याला मी आता जीव खाऊन शोधत होते.

दादा एकटाच होता.

फोन लावला. उचलेना. काम चालू असताना तो कधीच उचलत नाही, हे मला ठाऊक होतं. वहिनीला लावला.

"हो, काल पुरा केला," ती आनंदाने म्हणाली. "नको नको म्हणाले, रंगाला नावं ठेवली, आणि आज घालूनच गेले बघा. का हो?"

तिला काय सांगणार? साहेबांना लावला.

"मॅडम, फोटो एवढ्यात तयार? वा! एकदम चक..."

"साहेब, दुसरी किल्ली घेऊन त्या घरी या. आत्ताच्या आत्ता. दादा आत पडलाय."

"पडलाय? फोन आला का त्याचा?"

"नाही आला. म्हणूनच सांगतेय. येताय की दार फोडू?"

त्या माणसाला मी उभ्या आयुष्यात परत नावं ठेवणार नाही. एक शब्द जास्त विचारला नाही त्याने. म्हणाला, "निघालो. अँब्युलन्सला मी सांगतो, तुम्ही टॅक्सी पकडा."

टॅक्सीत मी देवाचं नाव घेत होते, असं म्हणायला आवडलं असतं. खरं सांगायचं तर मी त्या दुसऱ्याला म्हणत होते, बाबा, कुठे गेलास? इतके दिवस मागे मागे होतास, आज कुठे गेलास?

साहेब माझ्याआधी पोचले होते. दादा आत गेला की दार लावून घेतो, कुणी मध्येच फोटोत येऊ नये म्हणून. साहेबांची किल्ली कुलपात बसत नव्हती. मी दादाचा फोन लावला.

घरात, वर कुठेतरी, घंटी वाजू लागली.

दार उघडलं. रिकामी खोली, नव्या रंगाचा वास. लाकडी जिना.

मी पुढे, साहेब मागे.

घंटी वाजतच होती.

जिना वळला आणि कठडा दिसला. मग फरशी. काळी, पांढरी, काळी, पांढरी.

गोल खिडकीतून ऊन आलं होतं.

दादा कुशीवर पडला होता, एक हात गालाखाली. पण कठड्याशी नाही. पार आत, भिंतीला चिकटून पडला होता. कठड्याकडे एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी होती.

आणि उन्हाचा तुकडा त्या मोकळ्या जागेवर पडला होता.

मी त्याच्या नाकाशी हात नेला.

श्वास होता.

पुढचं भराभर सांगते, कारण पुढचं सगळं चांगलंच आहे. अँब्युलन्स आली. तिच्यातल्या नर्सबाई हाताने चपळ आणि जिभेने त्याहून चपळ. "बाजूला व्हा ताई, रडायला पुढे पुष्कळ वेळ आहे," असं मला म्हणाल्या आणि दादाला घेऊन गेल्या. हृदयाची एक नळी तुंबली होती, ती उघडली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "वेळेवर आणलंत. अजून थोडा उशीर झाला असता, तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असतो." वहिनी तिथेच खाली बसली आणि हसायला लागली, मग रडायला, मग दोन्ही एकदम. चकचक साहेबांनी सगळ्यांसाठी चहा आणला आणि निम्मा स्वतःच्या शर्टावर सांडला. आयुष्यात पहिल्यांदाच तो माणूस डागासकट उभा होता, आणि मला तो अतिशय सुंदर दिसला.

दादा बोलायला लागला तेव्हा पहिलं वाक्य म्हणाला, "स्वेटर कापला का गं त्यांनी?"

"मधोमध," वहिनी म्हणाली. "दुसरा विणते. याच रंगाचा."

"देवा," दादा म्हणाला, आणि आम्ही इतके हसलो की नर्सबाईंनी आम्हाला बाहेर काढलं.

त्यानंतर एका दुपारी वहिनी औषधं आणायला गेली होती. मी दादाच्या उशाशी बसले होते. दादा छताकडे बघत म्हणाला, "तू आलीस ते मला कळलं होतं हं."

"बेशुद्ध होतास तू."

"नाही, त्याच्या आधी. मी जिन्यावर चढलो, छातीत कळ आली, कठड्याशीच आडवा झालो. मग शेजारी कुणीतरी आलं. मला वाटलं तूच. काही बोललं नाही. नुसतं हाताने जरा आत सरकवलं मला, भिंतीकडे, आणि स्वतः कडेला आडवं झालं. मी सरकलो. म्हटलं, दमली असेल पोर, झोपू दे." त्याने मान माझ्याकडे वळवली. "तू नव्हतीस?"

"मी नंतर आले दादा."

"मग साहेब असेल," दादा म्हणाला आणि डोळे मिटून घेतले. साहेब माझ्या मागे जिना चढत होते, हे मी त्याला सांगितलं नाही.

दादा आता बरा आहे. बागेच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत, पित्त हा शब्द घरात बंद आहे. पुन्हा फोटो काढतो, चढायची घरं सोडून. त्याच्या फोटोंत आता तो एकटाच असतो. नळात, मुठीत, ओव्हनच्या दारात, गोल गरगरीत, एक डोळा मिटलेला. मी त्याला पुसते आणि प्रत्येक वेळी मनात म्हणते, हा फक्त फोटोतून हं देवा, फक्त फोटोतून.

सगळं स्थिरस्थावर झाल्यावर मी जुन्या फाइली उघडल्या. आमच्या कामात मूळ फोटो मरत नाही. पुसलेलं सगळं वरच्या एका थरावर असतं, तो थर झाकला की खालचा मूळ फोटो जसाच्या तसा दिसतो. मी बाल्कनीच्या दाराचा थर झाकला. काचेत दादा होता, एकटा. न्हाणीघराच्या आरशात एकटा. टीव्हीच्या पडद्यात नुसतं तिकाटणं. मोबाइलमधल्या फोटोतसुद्धा नुसतं तिकाटणं. मी ज्याला इतक्या मेहनतीने पुसलं होतं, तो पुसण्याच्या खालीही नव्हता. जणू कधी नव्हताच.

मग किटली उघडली. चित्र सपाट केलं.

तो तिथे आहे.

कठड्याच्या कडेला, कुशीवर, हात गालाखाली. भिंतीकडची जागा रिकामी आहे. तिच्यातून आम्ही आमचा माणूस उचलून आणला, आणि त्याला कुणी उचललं नाही.

तो कोण, मला ठाऊक नाही. मी भाविक बाई आहे, मला एखादं नाव सहज सुचतं, पण सुचलं म्हणून ते खरं होत नाही. त्याला बघून मला भीती वाटत नाही. वाईट वाटतं. आम्ही सगळे घरी आलो, चहा घेतला, हसलो, नवा स्वेटर विणायला घेतला, आणि तो अजून त्या जिन्याच्या माथ्यावर पडून आहे.

ती फाइल मी मधूनमधून उघडून बघते. फोटोत काही बदलत नसतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? पण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उन्हाचा तुकडा त्याच्या खांद्यावर होता. दादा इस्पितळातून घरी आला तेव्हा तो तुकडा भिंतीवर चढला होता. मग लाल झाला. काल उघडलं, तर गोल खिडकी नुसती करडी होती आणि फरशीचे काळे-पांढरे चौकोन ओळखू येईनासे झाले होते. तिथे संध्याकाळ झाली आहे.

तर मागणं एवढंच. तुमच्या घरी अंधार पडू लागेल, कुणीतरी उठून बटण दाबेल, आणि खिडकीच्या काचेत तुमची सगळी माणसं एकदम उमटतील, तेव्हा क्षणभर त्याची आठवण काढा. त्याला नाव नाही, आणि त्याचा जो चेहरा होता तोही माझ्या भावाचा. त्याला पुसताना मी एकदाही नीट पाहिलं नाही. तुम्ही तरी त्याला विसरू नका.